सबब येथे उभे राहू नये

मसुदेकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर यायचं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तेहतीस वर्षं त्यांनी सूचनांचे मसुदे लिहिले आणि निवृत्त होईपर्यंत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मसुदेकाकाच म्हणायला लागले. 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच सांगायचं, पण ते असं सांगायचं की वाचणाऱ्याला तहान लागली तरी राग येऊ नये, हे त्यांचं काम. सोपं नाही ते. काकांचं तत्त्व एकच होतं, मनाई करायची तर कारण द्यायचं. कारण न देता नुसतं 'करू नये' म्हणणं म्हणजे समोरच्याला ढोर समजणं, असं ते म्हणत. या तत्त्वापायी त्यांच्या कचेरीत 'येथे थुंकू नये' या पाटीखालीही अडीच ओळींचं कारण होतं. लोक ते वाचायला थांबत, आणि थांबले की थुंकत. पण तत्त्व म्हटलं की थोडं सोसावं लागतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे काकांची तंद्री. एखादा शब्द मनात घोळायला लागला की काका असतील तिथं थांबत, मग ते दुकान असो, जिना असो की भर रस्ता. डोळे उघडे, चेहऱ्यावर मंद हसू, आणि माणूस जागेवर नाही. घरात याला 'बाबा गेले' म्हणत. समोरचे नव्यानं राहायला आले तेव्हा त्यांनी काकांच्या मुलीच्या तोंडून दारातच 'बाबा गेले' ऐकलं आणि ते तोंड पाडून भेटायला आले. दार काकांनीच उघडलं. त्या घराशी संबंध सुधारायला पुढं वर्ष गेलं.

आता मुलीविषयी. मुलगी रॅलीत असते असं काका सांगत, तेव्हा ऐकणारा हमखास विचारायचा, "कोणत्या पक्षाच्या?" मग काकांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. ही झेंडे-घोषणांची रॅली नव्हे, मोटारींची. डोंगरातला, रानातला कच्चा रस्ता काही मैल बंद करतात, त्याला स्टेज म्हणतात. त्यावरून एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. अशा बऱ्याच स्टेजांच्या वेळा एकत्र करून नंबर काढतात. गाडी चालवतो तो गावातला गॅरेजवाला, आणि शेजारी बसून, आधी वहीत टिपून ठेवलेला पुढचा रस्ता वाचून दाखवते ती आमची. "म्हणजे पत्ता सांगते," असं ऐकणारा म्हणायचा, आणि काका तो विषय सोडून द्यायचे.

संध्याकाळी ती शेजारच्या खोलीत वही घेऊन स्वतःशी मोठ्यानं वाचायची. "ऐंशी, डावं चार, आवळत जातं, मग पन्नास, उजवं पाच, लांब, फार लांब..." काकांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण पलंगावर पडून ते ऐकताना त्यांना असं वाटे की कुणीतरी आपल्याला हाताला धरून अनोळखी रानातून नेतंय, आणि वळणामागून वळण येत राहतंय. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागे. ती ज्या गाडीत बसते ती गाडी मात्र त्यांनी धावताना कधी पाहिली नव्हती. नुसता तो विषय निघाला तरी ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. ती घरी येऊन चप्पल काढत असताना ते तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघत, सगळे अवयव जागच्या जागी आहेत याची खात्री करून घेत आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरत.

या वर्षीची शेवटची रॅली गावामागच्याच डोंगरात होती, आणि तिच्यावरच सगळं येऊन ठेपलं होतं. एका मोठ्या संघानं सांगितलं होतं की पहिल्या तिघांत आलात तर पुढचं वर्षभर आमची गाडी तुमची. नाहीतर गॅरेजवाल्याची स्वतःची गाडी आता थकली होती, ती काही आणखी एक वर्ष काढणारी नव्हती. मुलीनं हे जेवताना एका वाक्यात सांगितलं आणि पाणी प्यायली. काकांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी मनात ठरवलं की एकदा तरी आपण तिला जाताना बघायचं, मग काय व्हायचं ते होवो.

आता बघायचं तर प्रेक्षक म्हणून जाता आलं असतं. पण रॅली भरवणाऱ्या क्लबचे सचिव म्हणजे गावातले चष्मेवाले, आणि काका नेमके तेव्हाच चष्म्याची काडी बदलायला गेले. चष्मेवाले हातात काडी धरून सांगू लागले की गेल्या वर्षी दोन स्टेज रद्द कराव्या लागल्या, लोक रस्त्यावरच येऊन उभे राहतात, कुणी ऐकत नाही. रस्त्यावर माणूस असला तर गाडी सोडता येत नाही, नियमच तसा आहे.

"त्यांना नीट सांगितलं जात नसेल," काका म्हणाले.

बस्स. काडी बसेपर्यंत काका शेवटच्या स्टेजवरच्या पोस्ट क्रमांक अकराचे, म्हणजे अकराव्या चौकीचे, प्रेक्षक अधिकारी झाले होते, आणि त्या स्टेजवरच्या सगळ्या पाट्यांचं कामही त्यांच्याकडे आलं होतं.

"घरात तुमचं कोणी ऐकत नाही," काकू म्हणाल्या, "तिथं तीनशे माणसं ऐकणार?"

"घरात मी लेखी देत नाही," काका म्हणाले.

ही बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. वरच्या मजल्यावर निवृत्त स्टेशनमास्तर राहत. आयुष्यभर गर्दी हाकलेला माणूस. ते त्याच दिवशी खडू घेऊन खाली आले आणि काकांच्या जमिनीवर त्यांनी अख्खा डोंगर काढला. "गर्दीला फलाट द्या," ते म्हणाले. "उभं कुठं राहायचं ते कळलं की माणूस रुळावर उतरत नाही." वळणासमोरच्या टेकाडावर दोरी बांधून अधिकृत प्रेक्षकस्थान करायचं असं ठरलं. खालच्या मजल्यावरच्या बँकेतल्या वहिनी आल्या आणि म्हणाल्या की टोकन दिल्याशिवाय काही खरं नाही. प्रत्येक वाहनाला रंगीत टोकन, लाल असेल तर डावं कुरण, हिरवं असेल तर उजवं. काकूंनी दुसऱ्या दिवशी जमीन पुसली तेव्हा स्टेशनमास्तरांचं अर्धं नियोजन गेलं, पण टोकनं राहिली.

कुरणात वाहनं लावायची तर रस्ते खात्याची परवानगी हवी. तिथला कारकून काकांच्याच हाताखाली तयार झालेला, बदलून तिकडं गेलेला. त्यानं उठून खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि विचारलं, "रॅली कशाच्या निषेधार्थ आहे, काका?"

"कशाच्याच नाही. मोटारींची आहे."

"फॉर्मात मागण्यांचा रकाना आहे. तो रिकामा ठेवून चालणार नाही."

काकांनी 'मागणी नाही' असं लिहून दिलं. चार दिवसांनी अर्ज परत आला, 'मागणी नसल्यास रॅलीचे कारण स्पष्ट करावे' या शेऱ्यासह. काका चिडून गेले तर कारकून अदबीनं म्हणाला, "काका, तुम्हीच शिकवलंत. कारणाशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही." आपलंच लेकरू आपल्याच भाषेत आपल्याला उत्तर देतंय म्हटल्यावर राग आणि अभिमान यांचं असं काही कालवण झालं की काका घरी परत येताना दोन चौक चुकले. मग त्यांनी चार पानी कारण लिहिलं. मंजुरी आली. एक सभा, एक ध्वनिक्षेपक आणि वाहनतळ, अशी.

पाट्यांच्या बाबतीत चष्मेवाल्यांचं म्हणणं साधं होतं. बावीस पाट्या, त्यावर 'धोका' आणि लाल फुली. काकांना हे ऐकून वाईट वाटलं. धोका म्हणजे कसला? कुत्र्याचा? विजेचा? माणूस इतक्या लांबून येणार, त्याला आपण दोन अक्षरं तोंडावर फेकायची? त्यांनी चष्मेवाल्यांना गाडीत घालून अख्खी स्टेज फिरून पाहिली, जागोजागी उतरून 'इथं काय होतं' असं विचारलं आणि सगळं टिपून घेतलं. मग आठ दिवस ते घरात असून नसल्यासारखे होते. मुलगी शेजारच्या खोलीत रस्ता वाचत असायची, आणि इकडं काका तोच रस्ता लिहीत असायचे. हे दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

अकरा नंबरची पाटी ही त्या सगळ्यांतली सरस. ती अशी होती: 'या ठिकाणी प्रत्येक गाडी चढाच्या माथ्यावरून अंदाजे दीड फूट हवेत उचलली जाऊन समोरील काळ्या दगडालगत उतरते व उतरताच उजवीकडे घसरत वळते. हे दृश्य अत्यंत जवळून घडत असल्याने जीवितास धोका संभवतो. सबब येथे उभे राहू नये. हुकुमावरून.'

पाटी रंगवणारा पेंटर ब्रश खाली ठेवून म्हणाला, "काका, हे वाचून मलाच जावंसं वाटायला लागलंय."

काकांना ही आपल्या भाषेची तारीफ वाटली. त्यांनी त्याला चहा पाजला.

स्टेशनमास्तरांनी बावीसच्या बावीस पाट्यांचे फोटो काढले आणि 'आपल्या काकांची भाषा, अवश्य वाचावी' असं लिहून इमारतीच्या ग्रुपवर टाकले. तिथून ते कुठं कुठं फिरले देव जाणे. पाचव्या दिवशी दूरच्या गावातल्या मेहुण्यानं तेच फोटो काकांना पाठवले. वर मथळा होता, 'रॅली कुठून बघावी? जाणकारानं दिलेली संपूर्ण माहिती.' माणसानं इथं तरी सावध व्हायला हवं होतं. पण काकांची नजर 'जाणकार' या शब्दावर पडली आणि बाबा गेले. परत आले तेव्हा दुसराच विषय चालू होता.

रॅलीच्या दिवशी पहाटेच काका डोंगरात पोचले. त्यांची स्टेज दिवसातली शेवटची, दुपारची होती, पण प्रेक्षक अधिकाऱ्यानं प्रेक्षकांच्या आधी हजर असावं असं त्यांचं मत. धुकं होतं. रस्ता दहा पावलांवर विरून जात होता आणि तिथून पुढं काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. काका गळ्यात शिटी, हातात वॉकीटॉकी आणि छातीवर 'अधिकारी' अशी पट्टी लावून त्या पांढऱ्यात उभे राहिले. गवतावरून पाणी ठिबकत होतं. कुठंतरी एक पाखरू एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं, आणि तो शब्द आपल्या ओळखीचा आहे असं काकांना उगीचच वाटत राहिलं. इतकं बरं त्यांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. आपल्याला इथं कुणी काही विचारणार नाही, आपण लिहून ठेवलेलं आहे, आणि थोड्या वेळानं या धुक्यातून मुलगी येईल.

मुलीच्या आधी प्रेक्षक आले. धुकं वर सरकलं तेव्हा कुरणात गाड्यांच्या रांगा दिसल्या, आणि त्या वाढत होत्या. तीनशे माणसं येतील असा अंदाज होता. वहिनींची टोकनं साडेनऊलाच संपली. मग त्यांनी हिशेबाच्या वहीची पानं फाडून त्यावर लाल-हिरव्या पेन्सिलीनं रेघा मारून दिल्या. लोक शहाणे निघाले. लाल रेघ डावीकडे, हिरवी उजवीकडे, गाड्या अशा लागल्या की सरळ रेघ ओढून घ्यावी. स्टेशनमास्तर कुरणाच्या तोंडाशी झेंडा घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा तीस वर्षांनी तरुण झाला होता. काकांना लांबून ते सगळं संथ वाहताना दिसत होतं. गाड्या येताहेत, दारं उघडताहेत, माणसं उतरताहेत, आणि सगळ्यांच्या हातात फोन आहे. फोनवर ती काय वाचताहेत हा प्रश्न त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण तेवढ्यात ऊन पडलं आणि धुळीचे कण चमकायला लागले.

अधिकृत प्रेक्षकस्थानाच्या टेकाडावर दोरी बांधलेली होती. बाराच्या सुमाराला तिथं एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. बाकी सगळी दुनिया पाटी क्रमांक अकराखाली होती.

काका धावत गेले. लोक पाटी मोठ्यानं वाचत होते.

"दीड फूट लिहिलंय."

"गेल्या वर्षी दोन फूट होती. मी बघितलंय."

"पण काळा दगड हाच ना? नक्की बघा, नाहीतर चुकीच्या दगडापाशी बसायचो."

"अहो, इथं थांबायला मनाई आहे," काका म्हणाले. "कारणासकट लिहिलंय."

"तेच वाचून आलोय," एक जाडजूड गृहस्थ म्हणाले. "फार छान लिहिलंय हो. डोळ्यासमोर उभं राहतं. कोणी लिहिलंय?"

काका क्षणभर पाघळले. "म्हणजे, मीच," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. गृहस्थांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि मागच्यांना ओरडून सांगितलं की हेच ते. दोघातिघांनी काकांबरोबर पाटीखाली फोटो काढून घेतले. अधिकाऱ्याची जरब म्हणतात ती एकदा गेली की परत येत नाही.

गर्दी बाजूला सारत काका काळ्या दगडापर्यंत पोचले, तर तिथं अख्खी इमारत बसलेली. घडीच्या खुर्च्या, थर्मास, छत्र्या. अगदी दगडाला टेकून पहिली खुर्ची काकूंची.

"अगं, तू इथं कशी?"

"तुम्हीच लिहिलंय ना, इथं उतरते म्हणून? आपल्या पोरीची गाडी उतरणार, मग मी काय त्या टेकाडावरून धूळ बघू?"

"पण उभं राहू नये असं स्पष्ट लिहिलंय."

"मी कुठं उभी आहे? बसलेय."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. रस्त्याच्या कडेपर्यंत, कडेच्या आतसुद्धा, सगळे बसले होते. कुणी सतरंजीवर, कुणी दगडावर, कुणी एकमेकांच्या अंगावर. पाटीत उभं राहायला मनाई होती. बसायला नव्हती. तेहतीस वर्षांत त्यांच्या मसुद्यात कुणाला फट सापडली नव्हती, आणि आज सापडली ती हजारेक माणसांना एकदम, आणि त्यात घरच्याच माणसाला. काकांना अगदी तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यांनी मंजूर झालेला एक ध्वनिक्षेपक सुरू केला. "सन्माननीय प्रेक्षकहो, आपण आत्ता जिथं बसला आहात तिथं बसणं योग्य होणार नाही, त्याची कारणं तीन. पहिलं असं की..." तिसऱ्या कारणाला टाळ्या पडल्या. लोक आदरानं तीन पावलं मागं सरकले, आणि मागच्यांनी ढकलल्यामुळं चार पावलं पुढं आले. काकांनी शिटी मारली. ती वाजली, पण लोकांना ती गाडी आल्याची शिटी वाटली आणि सगळे माना पुढं काढून बघायला लागले.

मग रस्ता तपासणारी गाडी आली. स्पर्धेच्या गाड्यांच्या आधी ती फिरते. काकांपाशी थांबून आतल्या बाईंनी काच खाली केली, गर्दी पाहिली, दगड पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, दहा मिनिटं. मुख्य अधिकारी तुम्हालाच विचारतील. खरं ते सांगा." आणि गेल्या.

त्या दहा मिनिटांत काकांनी काय काय केलं नाही? विनवलं, हात जोडले, एका सतरंजीचं टोक धरून ओढलं, तर सतरंजीबरोबर दोन आज्या आल्या. जाडजूड गृहस्थ त्यांना मदत करायला म्हणून मधे आले आणि मधेच राहिले. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली आणि शेवटच्या स्टेजआधीचे नंबर सांगायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथी गाडी आमची. तिसऱ्याच्या मागं चार सेकंद. फक्त चार. आणि ही एकच स्टेज शिल्लक.

इमारतीतल्या मंडळींनी ते ऐकलं आणि हां हां म्हणता सगळ्या गर्दीला कळलं की अधिकाऱ्यांची मुलगी चौथी आहे. सगळे काकांच्या बाजूचे झाले. "चार सेकंद म्हणजे काहीच नाही हो," लोक त्यांना धीर द्यायला लागले. "या उडीवरच काढेल." आणि ती काढताना नीट दिसावं म्हणून आणखी थोडे पुढं सरकले. काकू खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. त्यांचे पाय रस्त्यात होते.

"पोस्ट अकरा," वॉकीटॉकी म्हणाली. "रस्ता मोकळा?"

काकांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेली. दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं आणि माथ्यावर रस्ता जिथं संपल्यासारखा दिसत होता तिथं नुसतं आभाळ होतं. लांब, डोंगराच्या पलीकडे, एक इंजिन घुमत होतं. पहिली गाडी सुटायच्या तयारीत असणार. तिच्या मागच्या रांगेत कुठंतरी आपली मुलगी वही मांडीवर घेऊन बसली असेल. एक शब्द बोलला की झालं. 'मोकळा.' लोक शेवटच्या क्षणी सरकतात, दरवर्षी सरकतात, असं सगळेच सांगत होते. एका शब्दात तिचं पुढचं वर्ष होतं. काकांना तो शब्द जिभेवर आलेला कळत होता. त्यांना रडावंसं वाटलं.

"पोस्ट अकरा, ऐकू येतंय का? रस्ता मोकळा?"

"नाही," काका म्हणाले. "रस्ता मोकळा नाही. होणारही नाही."

"कारण?"

तेहतीस वर्षं ज्यानं पाणी का येणार नाही ते लिहिलं, त्याला कारण सांगायला शब्द सापडेना. "कारण मी पाट्या लिहिल्या," ते शेवटी म्हणाले. पलीकडं कुणाला ते कळलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळानं वॉकीटॉकीतून आवाज आला, स्टेज रद्द. सगळ्या गाड्या साध्या वेगानं खाली उतरतील. आहेत तेच नंबर कायम.

त्यानंतर लोक काकांना जे बोलले ते इथं सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी फोटो काढले होते त्यांनी ते काकांसमोर फोनवरून पुसून दाखवले. जाडजूड गृहस्थ म्हणाले की पोटच्या पोरीचं ज्याला बघवत नाही त्यानं अधिकारी व्हावं कशाला. वहिनी फाटकी हिशेबवही पिशवीत टाकून कुरणाकडे निघून गेल्या, हे जास्त लागलं. काकू खुर्चीवर तशाच बसून होत्या. "चार सेकंद होते अहो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दुसरीकडे बघायला लागल्या. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. जायला दुसरी जागा नव्हती.

मग माथ्यावरून पहिली गाडी आली. बैलगाडीच्या चालीनं. तिच्यामागं दुसरी, तिसरी. काचा खाली केलेल्या, डोक्यावरची शिरस्त्राणं काढलेली, आतल्या माणसांचे केस घामानं चिकटलेले. आणि मघाशी पाटीला, शिटीला, ध्वनिक्षेपकाला न हललेले लोक हळूच उठून बाजूला झाले, कुणीही न सांगता, घरी पाहुणे यावेत तसे. कुणी हात हलवले. धूळसुद्धा उडत नव्हती.

चौथी गाडी काकांपाशी येऊन थांबली. गॅरेजवाला समोर बघत होता, जबडा आवळून. मुलीनं काच खाली केली. तिचा चेहरा धुळीनं भरला होता आणि डोळ्यांपाशी दोन ओघळ उतरले होते. ते घामाचे की कशाचे हे काकांनी विचारलं नाही.

"बाबा, रस्ता मोकळा नाही असं कोणी सांगितलं?"

"मी."

काकांनी खूप काही सांगायचं ठरवलं होतं, मांडणीसुद्धा झाली होती, पण ते नुसते दाराला धरून उभे राहिले.

तिनं काळ्या दगडाकडे पाहिलं. खुर्च्यांकडे पाहिलं. थर्मास, छत्र्या, सतरंजीवरच्या दोन आज्या. आईकडे पाहिलं. काकूंनी हात अर्धवट वर केला होता, हलवावा की नाही हे न ठरल्यासारखा.

"आई कुठं बसली होती?" तिनं विचारलं.

"तिथंच. त्याच खुर्चीत."

मुलीनं वहीवर हात ठेवला.

"सगळे माथ्यावर ब्रेक लावतात, बाबा," ती म्हणाली. "चार सेकंद काढायचे तर आम्ही इथं लावणार नव्हतो. सकाळी ठरवलं होतं दोघांनी. इथं ब्रेक नाही, असं मी लिहून ठेवलंय."

काकांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी दार आणखी घट्ट धरलं. गॅरेजवाल्यानं पहिल्यांदाच मान वळवून दगडाकडे पाहिलं, आणि लगेच पुन्हा समोर बघायला लागला.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग तिच्या मागच्या गाडीनं.

"बाबा, बाजूला व्हा," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच रस्त्यात उभे आहात."

काका बाजूला झाले, पण दारावरचा हात काढायचा राहून गेला. गॅरेजवाल्यानं गाडी सोडली ती इतकी सावकाश की तिच्याबरोबर चालता आलं असतं, आणि काका चालायला लागले. छातीवर अधिकारी अशी पट्टी, गळ्यात शिटी, आणि शेजारी चौथी आलेली गाडी. वळणापाशी उतार लागला तेव्हा मुलीनं दारावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, आणि गाडी वेग घ्यायला लागली तरी तिनं तो जमेल तितका वेळ काढला नाही.